उरलेल्या भाज्यांची दारू गाळत बसू नका, व्हिनेगर करा

गाजराची सालं, बिटाचे बुडखे, सफरचंदाचे गाभे, एका बाजूने सुरकुतलेली दोन-चार गाजरं, असं सगळं फ्रीजमध्ये साठत जातं आणि मग एक दिवस कुणीतरी विचारतंच की याची दारू काढता येईल का. येते की. साखर असली, यीस्ट टाकलं, थोडी ऊब दिली की दारू होतेच. पण त्याच्या लगेच पुढचा प्रश्न असतो की ती गाळायची, म्हणजे उकळून वाफ थंड करून घ्यायची, कशी, कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली तर चालेल का, आणि तिथे मी प्रत्येकाला थांबवते. कारण त्याच बरणीतल्या त्याच आंबलेल्या रसातून, गॅसच्या जवळही न जाता, व्हिनेगर तयार होतं, वर्षभर पुरतं, आणि चवीला विकतच्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा कितीतरी भरलेलं असतं. मी बरीच वर्षं हे करतेय, तर ते कसं करायचं ते सगळं नीट सांगते.

आधी दारू का गाळायची नाही ते, म्हणजे मनातून तो विषय जाईल. पहिली गोष्ट आग. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, त्याची वाफ दिसत नाही आणि ती पेट घेते, सांध्यातून थोडी जरी निसटली आणि शेजारी बर्नर चालू असला तर स्वयंपाकघर जळतं. त्यात भाजीचा गाळ नळीत अडकला की बंद कुकरमध्ये दाब वाढत जातो, तो कुठून बाहेर पडेल ते आपल्या हातात नसतं. दुसरं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल. फळं-भाज्यांच्या सालींमध्ये पेक्टिन असतं, ते तुटताना थोडं मिथेनॉल सुटतं. साध्या आंबवलेल्या रसात ते फार कमी असतं, पण गाळताना सगळंच दाट होत जातं, आणि लोक जे सांगतात ना की पहिली धार फेकली की काम झालं, ते पूर्ण खरं नाही, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळत असलं तरी ते सगळं पहिल्या धारेत निघून जात नाही, पुढच्या धारेतही येत राहतं. विषारी दारूचे जे मोठे अपघात होतात त्यात बहुतेकदा मिथेनॉल वरून मिसळलेलं असतं हे मला माहीत आहे, पण शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं, म्हणून मी त्याच्या वाटेलाच जात नाही. तिसरं कायदा, बहुतेक देशांत परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडसारखा एखादा देश आहे जिथे १९९६ पासून स्वतःपुरती गाळायला परवानगी आहे, बहुतेक ठिकाणी नाही.

आणि एवढं करून हातात काय येतं ते पण बघा. १ किलो गाजरात साखर असते साधारण ४५ ते ५० ग्रॅम. १ लिटर पाण्यात १७ ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोल होतं १ टक्का, म्हणजे किलोभर गाजरातून सगळं जमून आलं तरी शुद्ध अल्कोहोल निघणार २८ मिली. त्यासाठी एवढा धोका कशाला घ्यायचा. तेच किलोभर गाजर वरून साखर घालून व्हिनेगरच्या वाटेला लावलं की ३-४ लिटर माल होतो.

यातली गंमत अशी की आंबवणं म्हणजे नेमकं काय हे माणसाला कळलं त्यात बिटाचा मोठा वाटा आहे. १८५६ साली फ्रान्समधल्या लिल शहरात बिटाच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराचे काही हौद नासायला लागले, तो लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने रस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर चांगल्या हौदात गोल गोल यीस्ट, आणि नासलेल्या हौदात त्याहून लहान काड्यांसारखे जीव, त्या आंबटपणात लॅक्टिक अ‍ॅसिड. पुढे १८६० च्या दशकात त्याने व्हिनेगरवरही काम केलं आणि दाखवलं की दारूचं व्हिनेगर आपोआप होत नाही, तिच्यावर साय धरणारे जीव ते काम करतात. तुमच्या बरणीतही हाच खेळ चालणार आहे, आधी यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करणार, मग अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू ते अल्कोहोल आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन व्हिनेगरचा आंबटपणा म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करणार. यीस्टला अल्कोहोल करायला हवा लागत नाही, या दुसऱ्यांना भरपूर हवा लागते, म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. हे एक डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं, बहुतेकांचं जे बिघडतं ते दोन्ही टप्पे एकाच बरणीत एकदम उरकायला गेल्यामुळे.

कुठल्या भाज्या घ्यायच्या? ज्यात मुळात गोडी आहे त्या. बीट सगळ्यात वरचा, १०० ग्रॅमला ६-७ ग्रॅम साखर, मग गाजर साडेचार-पाच, कांद्यात साधारण ४, टोमॅटोत अडीच. सफरचंदाचे गाभे नि सालं, अननसाची सालं मिळाली तर सोन्याहून पिवळं, सफरचंदात १० च्या घरात साखर असते आणि आंबटपणाही असतो. रताळ्यात गोडी असते पण स्टार्चही बराच, रस गढूळ राहतो, मी घेत नाही. पालेभाज्यांत साखर नाहीच म्हणायची, पालकाचं व्हिनेगर करायला गेलात तर ते सगळं वरून घातलेल्या साखरेचं असेल आणि वास गवताचा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा यांच्यात गंधकाची संयुगं असतात, उकळल्यावर जो वास घरभर सुटतो तो व्हिनेगरात उतरतो, त्यांना यात घालू नका, ते मिठात आंबवायला चांगले. शिजवलेली, तेल-मीठ पडलेली भाजी अजिबात नको, तेल वर तरंगून खवट होतं आणि मीठ यीस्टला त्रास देतं. उरलेलं म्हणजे सडलेलं नव्हे हेही सांगून ठेवते. सुरकुतलेलं, मऊ पडलेलं, तुटकं चालेल, पण बुरशी आलेला तुकडा कापून उरलेला घ्यायचा हे करू नका, बुरशीचं विष दिसतं त्याच्या पलीकडेही पसरलेलं असतं, सडक्या सफरचंदात तर पॅट्युलिन नावाचं विष असू शकतं.

बटाटा मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. एक तर त्यातलं सगळं स्टार्च, यीस्टला स्टार्च खाता येत नाही, आणि हिरवट पडलेल्या सालीत सोलॅनिन नावाचं विष असतं. पण खरं कारण वेगळं आहे. २०११ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात एका तुरुंगात कैद्यांनी लपूनछपून दारू आंबवली, त्यात भाजलेला बटाटा घातला होता जो काही आठवडे तसाच ठेवलेला होता, आणि ८ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, झाला. बॉट्युलिझमचे जीवाणू मातीत असतात, त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, आणि हवा नाही, आंबटपणा नाही, ऊब आहे अशी जागा मिळाली की ते जागे होऊन विष तयार करतात. गाजर आणि बीट पण जमिनीखालचेच आहेत, त्यांचा रस जवळजवळ आंबट नसतोच, पीएच ६ च्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). पीएच ४.६ च्या खाली असेल तर हे जीवाणू वाढू शकत नाहीत. म्हणून रस पहिल्या दिवसापासून आंबट करून ठेवायचा, लिंबाने किंवा व्हिनेगरने, आणि पीएच ४ किंवा त्याखाली आणायचा. ही एक पायरी कुणी वगळली तर मी त्यांचं व्हिनेगर तोंडात घालणार नाही. पीएचच्या पट्ट्या स्वस्त असतात, त्या घ्याच.

सामान फार लागत नाही. एक मोठं स्टीलचं पातेलं उकळायला, एक ४-५ लिटरची काचेची बरणी पहिल्या टप्प्याला, एक रुंद तोंडाची काचेची बरणी दुसऱ्या टप्प्याला, घट्ट विणीचं सुती कापड, रबरबँड, गाळणं, पीएच पट्ट्या. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजायचं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ कुठेच नको, अ‍ॅसिड धातू खातं. जुन्या चकाकत्या मातीच्या बरण्यांच्या लुकणात शिसं असू शकतं, दिसायला कितीही सुंदर असली तरी तिच्यात आंबट ठेवू नका. बरण्या गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, मग उकळीचं पाणी फिरवून घ्या (काच आधी कोमट पाण्याने गरम करा, एकदम उकळतं ओतलं की तडकते).

आता प्रमाण. मी ३ लिटरचा हिशोब देते. चवीचं आणि टिकाऊ व्हिनेगर हवं तर ५ टक्क्यांच्या वर आम्लता पाहिजे. १ टक्का अल्कोहोलचं कागदावर साधारण १ टक्का अ‍ॅसिड होतं, प्रत्यक्षात थोडं उडून जातं, थोडं जीवाणूच वापरतात, म्हणून अल्कोहोल साडेसहा-सात टक्के धरायचं. १ लिटरला १७ ग्रॅम साखरेचा १ टक्का हे वर सांगितलंच, म्हणजे लिटरला ११५-१२० ग्रॅम साखर हवी, ३ लिटरला ३५० च्या आसपास. १ किलो गाजर-बीट उकळून त्यातली फार तर ४०-५० ग्रॅम पाण्यात उतरते, तर वरून ३०० ग्रॅम घालायची. यापेक्षा जास्त घालून दारू कडक करायचा मोह टाळा, ९-१० टक्क्यांच्या वर अल्कोहोल गेलं की पुढचे जीवाणू मंदावतात आणि महिनोन् महिने बरणी नुसती बसून राहते.

१ किलो गाजर-बिटाचे तुकडे, सालं, बुडखे, त्यात सफरचंदाचे ४-५ गाभे असले तर घाला. माती ब्रशने घासून काढा, नुसतं धुऊन सालीच्या खाचेतली माती जात नाही, आणि देठाजवळचा जो काळा भाग असतो तो कापूनच टाका. बारीक चिरा किंवा किसा, सवा तीन लिटर पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा. झाकण अर्धवट ठेवा. गाजराचा वास गोडसर आणि थोडा मातकट येतो, बिटाचा तर मातकटच, घाबरू नका, तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा वास आहे आणि आंबट वातावरणात तो बराच कमी होतो. गाळून घ्या, चोथा पिळू नका, पिळला की गाळ जास्त येतो. ३ लिटरला कमी पडलं तर उकळलेलं पाणी घाला. गरम असतानाच साखर विरघळवा, मूठभर बेदाणे टाका, यीस्टला नुसती साखर पुरत नाही, थोडं पोषण लागतं आणि भाज्यांच्या पाण्यात ते कमी असतं. मग ३ मोठ्या लिंबांचा रस, ढवळा, पट्टी बुडवा, पीएच ४ च्या वर दाखवली तर अजून लिंबू. हायड्रोमीटर असेल तर रस निवल्यावर आकडा १.०४५ च्या आसपास यायला हवा, तो वहीत लिहून ठेवा.

रस निवायला घाई करू नका. फार गरम रसात यीस्ट टाकलं की ते मरतं, ३० अंशांच्या खाली आलं की टाका, बोट बुडवलं तर ऊबसुद्धा जाणवू नये एवढं. ब्रेडचं कोरडं यीस्ट चालतं, ७ टक्क्यांपर्यंत त्याला काही अडचण नाही, १ सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. वाटीभर कोमट रसात ते आधी भिजवा, १०-१५ मिनिटांत वर फेसाची टोपी आली म्हणजे जिवंत आहे, मग बरणीत ओता. बरणी पाऊण भागच भरा. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण) असेल तर लावा, नसेल तर झाकण नुसतं टेकवून ठेवा, आटे फिरवू नका. एकदा मी बाहेर जायच्या गडबडीत झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या दिवशी परत आले तर ओट्यापासून छतापर्यंत बिटाचा लाल रंग, काच फुटली नाही हे नशीब. कार्बन डायऑक्साइड किती होतो याचा अंदाज आपल्याला येत नाही, तो लिटरांनी होतो.

पहिल्या २४ तासांत फेस येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर आतून अगदी बारीक चुरचुर ऐकू येते, तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडल्यासारखी. बेदाणे फुगून वर येतात, फुगा सुटला की खाली जातात, परत वर येतात. २० ते २८ अंश तापमान छान, उन्हात ठेवू नका. ७ ते १२ दिवसांत चुरचुर थांबते, बेदाणे तळाला बसतात, रस वरून स्वच्छ व्हायला लागतो. हायड्रोमीटर १.००० किंवा त्याखाली, किंवा चमचाभर चाखून बघा, गोडी पूर्ण गेलेली असली पाहिजे. गोडी राहिली असेल तर अजून ३-४ दिवस. गोडी असताना पुढे गेलात तर दोन्ही जीव एकाच बरणीत भांडत बसतात आणि व्हिनेगर पातळ, चिकटसर होतं, ही माझी पहिल्या दोन बरण्यांची कहाणी आहे.

आता वरचा स्वच्छ रस हळूच दुसऱ्या बरणीत घ्या, तळाचा पिठूळ गाळ मागे राहू द्या. तो मेलेल्या यीस्टचा थर आहे, सोबत गेला तर काही आठवड्यांनी ब्रेड कुजल्यासारखा वास देतो.

इथून सगळं उलटं. आतापर्यंत हवा बाहेर ठेवली, आता आत घ्यायची. बरणी उंच-अरुंद नको, रुंद आणि बसकी, कारण काम फक्त वरच्या पृष्ठभागावर चालतं, जेवढा पृष्ठभाग मोठा तेवढं लवकर. ३ भाग रसात १ भाग जिवंत व्हिनेगर घाला, म्हणजे पाश्चराइज न केलेलं, ज्याच्या तळाला धाग्यासारखं मदर, म्हणजे जीवाणूंचा पुंजका, दिसतं असं. हे विरजण दोन कामं करतं, जीवाणू आणतं आणि सगळ्या रसाची आम्लता पहिल्याच दिवशी १ टक्क्याच्या वर नेतं, मग बुरशीला आणि बाकीच्या जीवांना तिथे पाय ठेवता येत नाही. पारदर्शक पांढरं विकतचं व्हिनेगर आंबटपणा देईल पण त्यात जिवंत काही नसतं. आणि विरजण घालताना बरणीच्या कडेने हळू ओता.

तोंडावर सुती कापड दोन पदरी, रबरबँड घट्ट. जाळीचं विरविरीत कापड नको, चिलटं त्यातून जातात. त्या चिलटांचं नावच मुळी इंग्रजीत व्हिनेगर माशी आहे, त्यांना हा वास लांबून येतो, एकदा आत गेली की अंडी घालतात आणि मग अळ्या. अंधारी, २५ ते ३० अंशांची, हवा खेळती अशी जागा द्या, कपाट पूर्ण बंद नको. आणि मग हात लावू नका. हलवायचं नाही, रोज कापड काढून बघायचं नाही, वर जी साय धरायला लागते ती मोडली की तळाला जाते आणि त्यांना परत पहिल्यापासून बांधावी लागते.

साय ओळखायला शिका, यावरच सगळं आहे. साधारण आठवड्याने, कधी दोन आठवड्यांनी, पृष्ठभागावर मंद धुक्यासारखा पडदा येतो, तिरक्या उजेडात बघितला तर राखाडी रेशमासारखी चमक दिसते. तो पुढे जाड होतो, गुळगुळीत, जेलीसारखा, ओलसर, कडेने बरणीला चिकटलेला, हे मदर, जीवाणूंनी स्वतः विणलेलं सेल्युलोज. दुसऱ्या प्रकारची साय पांढरी, कोरडी, पावडर भुरभुरल्यासारखी आणि सुरकुत्या-सुरकुत्यांची, तिला काह्म यीस्ट म्हणतात, ते विषारी नाही पण चव बिघडवतं, ते आलं म्हणजे विरजण कमी पडलं, चमच्याने अलगद काढून अजून जिवंत व्हिनेगर घाला. तिसरी म्हणजे बुरशी, केसाळ, लोकरीसारखी, हिरवी, काळी, निळी, गोल ठिपक्यांची. ती आली की सगळी बरणी फेकायची, वरून काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करायचा नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेलपॉलिशसारखा झणझणीत वास आला की लोक घाबरून ओतून देतात. तो इथाइल अ‍ॅसिटेटचा वास असतो, अल्कोहोल आणि अ‍ॅसिड दोन्ही एकत्र असताना होतो, हवा मिळत राहिली आणि अल्कोहोल संपत गेलं की बहुतेक वेळा आपोआप जातो. थांबा. कधी क्वचित टॉर्चच्या उजेडात पृष्ठभागाजवळ केसाहून बारीक पांढरे जीव वळवळताना दिसतात, ते व्हिनेगर ईल, माणसाला अपाय करत नाहीत, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळलं की जातात, पण किळस वाटली तर टाकून द्या, त्यात काही चूक नाही.

एक ते तीन महिने लागतात, थंडीत जास्त. महिन्यानंतर काचेची नळी मदरच्या कडेने घालून थोडं काढा नि चाखा. अल्कोहोलचा उष्ण वास जाऊन नाकात सरळ आंबट झिणझिणी आली पाहिजे. पण जिभेवर फार भरवसा ठेवू नका, आणि पीएच पट्टीवरही नको, पीएच ३ दाखवलं म्हणजे आम्लता ५ टक्के आहे असं होत नाही, ३ टक्के असतानाही पट्टी जवळपास तेच दाखवते. नीट मोजायचं तर वाइन करणाऱ्यांचा आम्लता मोजायचा संच मिळतो, त्यातला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा घ्या. १ मिली व्हिनेगरला फिनॉल्फथॅलिन (रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणारं द्रव्य) गुलाबी होईपर्यंत ते किती मिली लागलं ते बघा आणि ०.६ ने गुणा, आली टक्केवारी. ८.३ मिली लागलं तर ५ टक्के. हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मा, ते कॉस्टिक, म्हणजे त्वचा जाळणारं, आहे.

संच नसेल तर अंदाज घ्यायची घरगुती पद्धत मला फार आवडते. जांभळ्या कोबीची दोन पानं उकळून जांभळं पाणी करा. १ छोटा चमचा खायचा सोडा १०० मिली पाण्यात विरघळवा. ज्याच्या लेबलवर ५ टक्के लिहिलंय असं विकतचं व्हिनेगर बरोब्बर ५ मिली घ्या, त्यात अर्धा ग्लास पाणी आणि कोबीचं थोडं पाणी, सगळं गुलाबी होईल. आता सुई नसलेल्या सिरिंजने सोड्याचं पाणी थोडं थोडं घाला, दर वेळी ढवळून फेस जाऊ द्या, गुलाबीचं जांभळं-निळं झालं की किती मिली लागलं ते लिहा, साधारण ७ मिली लागेल. मग तसंच तुमच्या व्हिनेगरचं करा. त्याला ६ लागलं तर तुमचं सव्वाचारच्या आसपास. गाजराच्या व्हिनेगरला हे छान जमतं, बिटाच्याला रंगामुळे काही कळत नाही, त्याला संचच हवा.

आम्लता हवी तेवढी झाली की लगेच थांबवा. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. अल्कोहोल संपलं की हेच जीवाणू उपाशी राहत नाहीत, हवा मिळत असेल तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच खायला लागतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात आणि तुमचं छान झालेलं व्हिनेगर पाणचट होत जातं. म्हणून गाळून बाटल्या गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहू देऊ नका, झाकण घट्ट. जिवंत ठेवायचं नसेल तर बाटलीत भरायच्या आधी स्टीलच्या पातेल्यात ६५ अंशांवर अर्धा तास धरा, उकळू देऊ नका, वास उडून जातो. नंतर दोन-तीन महिने अंधारात ठेवलं की चवीचे कोपरे मऊ होतात, बिटाच्या व्हिनेगरचा मातकटपणा तर मला तेव्हाच आवडायला लागला.

वापर सॅलडमध्ये, कांद्याच्या चकत्यांवर, मॅरिनेडमध्ये, सूपमध्ये शेवटी चमचाभर, कुठेही करा. फक्त महिनोन् महिने फ्रीजबाहेर ठेवायच्या डबाबंद भाज्यांसाठी हे वापरू नका, त्या पाककृती ५ टक्के आम्लता खात्रीने आहे हे धरून लिहिलेल्या असतात आणि तिथे अंदाज चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवडा-दोन आठवड्यांत संपवायचे कांदे, काकड्या यात खुशाल बुडवा.

मदर फेकू नका. बरणीतलं एक तृतीयांश व्हिनेगर ठेवून बाकीचं काढा, पुढची आंबवलेली खेप कडेने हळू ओता, आता विकतचं विरजण लागणार नाही आणि ही खेप पहिलीपेक्षा लवकर होईल. मदरचे थर फार जाड झाले तर खालचे जुने, तपकिरी पडलेले काढून टाका, वरचा पातळ पांढुरका तेवढा राहू द्या. उकळून उरलेला गाजर-बिटाचा चोथा कंपोस्टमध्ये घाला, आणि बेदाणे गाळातून काढून त्याच कंपोस्टमध्ये. पुढच्या खेपेची सालं मी फ्रीझरमध्ये एका डब्यात साठवते, घासून, कोरडी करून, गोठली की त्यांच्या पेशी फुटतात आणि उकळताना रस जास्त सुटतो, डबा किलोचा झाला की पातेलं चढवते.